शिकवलेलं वय

४ एप्रिल

मंग काय खोटं बोललो मी? अण्णाला एवढंच सांगितलं की भावनाला शाळा तरी पुरी करू दे, तर म्हणे सातवी नापासानं बापाला अक्कल शिकवू नये. शिकवीन! बहीण माझी पंधराची, अजून रिबिनी बांधून शाळेत जाती, अन् हे बाबासाहेबांच्या फोटोखाली चहा पीत तिचं लग्न ठरवून राह्यलेत. मधला माणूस भागवतमामा. मामा कशाचा, सोयरिकी जुळवत फिरतो अन् दर मांडवात पहिल्या पंगतीला बसतो. भांडून निघालो तेव्हा भावनानं ही वही दिली. म्हणली, दादा, तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, रोज लिहीत जा.

तर लिहितो. किनवटहून जालना म्हणजे दिवसभराची एसटी, कंबर मोडली, पण शहर आवडलं. बियाण्याच्या गोदामात रातपाळी मिळाली. मस्तगडात माडीवरची खोली मिळाली, भाडं इतकं कमी की मीच दोनदा विचारलं. मालकीण चतुराबाई, साठीची, लई गोड बोलती. आल्या आल्या भाकर अन् ठेचा वाढला. पोरगा बाहेरगावी ऱ्हातो, घरात माणूस पाहिजे म्हणे. मी म्हणलं मावशी, आता मीच तुमचा पोरगा. खिडकीतून वारा येतो. दिवसा मस्त झोप होईल.

७ एप्रिल

झोप कशाची होती! दुपारी डोळा लागला की आवाज येतो. चुक्, चुक्. थांबतो. पुन्हा चुक्. बकरीचं पिलू लुचतं तसा, पण ताकद नसल्यासारखा. दोनदा ओढतं अन् दमतं. मावशी म्हणली, पत्र्यावर मांजर व्याली असंल. पत्र्यावर चढलो, तळपाय भाजले. मांजर न्हाई.

दुसरी गोष्ट. बियाण्याला लाल औषध लावतात, त्याची पूड माझ्या कपड्याला लागून खोलीत सांडते. उठलो तर त्या पुडीत पावलं. लेकराएवढी, पण फुगलेली. माणसाच्या पावलाला मधी खाच असती. ह्यांना न्हाई. बोटं एकमेकांत गच्च रुतलेली.

१० एप्रिल

शेजारच्या मैमूना खाला शिलाई करतात. शर्टाला बटन लावायला गेल्तो, खोली सांगितली तर त्यांचं मशीन थांबलं. म्हणल्या, बेटा, उसी कमरे में? चतुरा बोलली न्हाई तुला?

मंग त्यांनीच सांगितलं. शिवकन्या, मावशीची सून. पंधराव्या वर्षी लग्न करून आणली, सोळावं लागायच्या आत दिवस गेले. सातव्या महिन्यात पाय सुजले, मंग तोंड. चपला येईनात म्हणून नवऱ्याच्या स्लीपरा घालायची. डोकं फुटतंय म्हणायची, डोळ्यापुढं काजवे चमकतात म्हणायची. जीभ पांढरीफटक, अंगात रक्त न्हाई. मावशी म्हणे, पहिलटकरणीचे नखरे. खाला रोज सांगायच्या, जल्दी दवाखान्यात न्या. पण दवाखान्यात वय विचारतात, खरं कळलं की पोलिसात कळवतात. म्हणून मावशीनं आधी तिच्याकडून वय पाठ करून घेतलं. ह्याच खोलीत बसवून. किती वर्षाची? एकोणीस. पुन्हा सांग. एकोणीस. भिंतीपलीकडं खालांना ऐकू यायचं.

नेलं तेव्हा झटके चालू झाल्ते. नर्सनं वय विचारलं. पोरगी शुद्धीत नव्हती, तरी बराबर म्हणली, एकोणीस. त्यानंतर बोललीच न्हाई.

लेकरू खालांनी हातात घेतलं होतं. दोन तळव्यात मावलं. त्याला ओढता येईना, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं. छातीशी धरलं तरी गार पडत गेलं. आईमागं तेही गेलं.

घरी आलो. मावशीनं विचारलं, कालवण काय करू रे बाळा? जेवलो न्हाई.

१३ एप्रिल

दिसली. भर दुपारी, चौकटीत. साडी बाईची, आत लेकरू. तोंड इतकं सुजलेलं की डोळ्यांच्या नुसत्या रेघा. काखेत फडक्याचं गाठोडं, चुक् चुक् तिथूनच.

माझ्या तोंडातून तेच निघालं जे कुणी बी अनोळखी पोरीला विचारतं. किती वर्षाची ग तू?

म्हणली, एकोणीस.

आवाज तिचा न्हाई. मावशीचा. तसाच गोड.

अन् खाली परात आदळली. धावलो. मावशी चुलीपुढं ताठ, टाचा घासून राह्यली, तोंडाला फेस. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरनं विचारलं, आजी, वय काय? म्हातारी म्हणली, एकोणीस. डॉक्टर हसला. पुन्हा विचारलं. एकोणीस. पुन्हा. एकोणीस. मंग हसला न्हाई.

१४ एप्रिल

जयंती. रस्त्यात निळे झेंडे, ढोल. मी गेलो न्हाई. सांजच्याला मावशी मेली. पाय खांबासारखे झाल्ते म्हणे. जिनं शिकवलं तिलाच—

खरं लिहू? भीती वाटती अन् बरं वाटतं. दोन्ही.

१६ एप्रिल

भावनाचा फोन. मायच्या मोबाईलवरून, चोरून. लग्न ह्याच महिन्यात ओढलं. आधारकार्डावरचं वय बदलून आणलं. रडत नव्हती. म्हणली, दादा, पाठ करायला लावून राह्यलेत. भागवतमामा विचारतो, चुकलं की अण्णा टाळक्यात मारतो.

काय पाठ, मी विचारलं न्हाई. तिनंच सांगितलं.

खोलीतलं चुक् चुक् बंद पडलं. दोघं मायलेकरं ऐकत होते.

१८ एप्रिल

लेकरांच्या हेल्पलाइनला फोन केल्ता. गाडी गेली गावात. अण्णानं कार्ड दाखवलं. गाडीतल्या बाईनं भावनाला बाजूला घेऊन विचारलं, वय किती बाळ? अण्णा दारातच उभा.

बराबर बोलली पोरगी.

गाडी परत गेली.

१९ एप्रिल

उशाशी बसती आता. काही मागत न्हाई. नुसती जिन्याकडं बघती. कुणी येतं का—

कळलं मला.

२० एप्रिल

अण्णा बाप आहे माझा. खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवायचा, मला दिसावं म्हणून स्वतः टाचांवर—

पण भावनाचे पाय. लहान आहेत. अजून पाच नंबरची चप्पल—

सुजले तर—

न्हाई.

२१ एप्रिल

फोन केला. गोड बोललो, मावशीवानी. चुकलं म्हणलं, अण्णा. पाहुण्यात तुमची मान खाली जाऊ देणार न्हाई. नवरीसाठी सोन्याचे मणी केलेत, पोस्टानं कसे पाठवू, तुम्ही येऊन घेऊन जा. भागवतमामाला आणाच, त्यांचा मान आहे. दुपारचं या. माडीवर बसू.

अण्णा खूश. म्हणे पोरगा सुधारला. मागं भागवत खी खी हसला, म्हणे येण्याजाण्याचं भाडं तरी टाक रे, शेठ.

टाकतो.

मला जास्त काही करायचं न्हाई. चहा द्यायचा. अन् तिच्याकडं वळून एकच विचारायचं, किती वर्षा—

उठली. पहिल्यांदा उठली. जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी. चुक् चुक् जोरात. लेकराला ताकद आली—

परतीचं न्हाई पाठवत. नुसतं यायचं. दोघांचं. एक हजार चाळीस रु—