दर्शनी भिंत

ग्लासगो, मंगळवार

प्रिय आई,

मी धडधाकट आहे आणि रोज तुझ्या सांगण्याप्रमाणे ओट्सची लापशी खाते.

आमची दीडशे वर्षांची तांबड्या दगडाची इमारत पाडायचं घाटतंय. समोरची भिंत तेवढी टेकू लावून ठेवणार आणि मागे काचेचं हॉटेल बांधणार. जो जिना शेजारणींनी पिढ्यान्पिढ्या पाळीपाळीने धुतला, त्याच्या भिंतींवरच्या हिरव्या चकचकीत फरशा कचऱ्यात जाणार. वर याला म्हणे वारसा जपणं म्हणायचं! मला शिसारी आली.

काल जिन्यातच हॉटेल बांधणाऱ्या कंपनीचे साहेब सांगत होते, "दर्शनी भाग राहिला की इतिहास राहिला."

शेजारच्या गेडीस आजी म्हणाल्या, "मग बाळा, तुझंही थोबाड तेवढं ठेवू आणि बाकीचं काढून टाकू."

साहेब चिखलाचे बूट आपटत धुतलेल्या पायऱ्यांवरून निघाले. तेव्हा मी 'जिना धुण्याची पाळी तुमची' ही आमच्या दारावरची पाटी काढून त्यांच्या कोटाच्या पाठीमागच्या गुंडीला अडकवली.

शुक्रवारी नगरपालिकेत या पाडकामावर सुनावणी आहे. मी बोलणार आहे आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी बसवल्याशिवाय खाली बसणार नाही. तू काळजी करू नकोस.

कोंबड्या अंडी देतायत ना? आणि माळ्यावरच्या माझ्या खोलीचं छप्पर अजून गळतं का? सहज विचारतेय.

तुझीच भांडकुदळ,
ऊना