लेन्स आपोआप पडली

१२ जानेवारी, सकाळ
कऱ्हाटीला घरी आलो. उसाचं पातं लागून उजव्या बुबुळावरचा पडदा पार खराब झाला होता. तिथं आता दुसऱ्या कुणाचा पडदा शिवलाय. देणारा गेला, एवढंच कळलं. बारामतीच्या डॉक्टर श्यामलाबाई म्हणाल्या, ऑपरेशन छान झालं, पण वरची नाजूक साल अजून भरायची आहे. तोवर जंतूंना दार उघडं. म्हणून वर एक मऊ लेन्स बसवली. दुखलं तर लगेच यायचं.
सोपं आहे. मी घाबरणाऱ्यातला नाही.

१४ जानेवारी
बायको, नसरीन, ड्रॉप टाकते. सगळे गालावर. तिला म्हणालो, तुला नेम नाही. म्हणाली, नेम हाय, तुमी मान मागं घेता.

१७ जानेवारी, दुपार
तोंड पुसताना लेन्स टॉवेलला चिकटून आली. घाम फुटला. मग शांतपणे विचार केला. साल भरली असणार, म्हणून डोळ्यानंच लेन्स बाहेर टाकली. आपोआप! डॉक्टरांना उगाच त्रास कशाला? नसरीनलाही बोललो नाही. तिचं बीपी वाढतं.

१८ जानेवारी
डोळ्यात वाळू गेल्यासारखं. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची धूळ, दुसरं काय. उद्या बारामती. नक्की.

१९ जानेवारी
गेलो नाही. एसटीत गर्दी, धक्का लागला तर? उजेड सुईसारखा टोचतो. म्हणजे नजर येतेय.

२० जानेवारी, सकाळ
नमाजनंतर त्या देणाऱ्यासाठी दुआ मागितली. त्याचा डोळा माझ्याकडून वाया गेला तर? असले विचार करायचे नाहीत.
नसरीननं विचारलं, लेन्स कुठं हाय? म्हणालो, आतच हाय, पारदर्शक असती, दिसंल कशी? तिनं चप्पल घातली. रिक्षा बोलावली.

संध्याकाळ
डॉक्टरांनी पिवळा थेंब टाकून निळा उजेड मारला. साल नसते तिथं हिरवं चमकतं. नसरीन बघून "या अल्ला" एवढंच म्हणाली. लेन्स पडली तेव्हाच का आला नाहीत, डॉक्टरांनी विचारलं. धूळ, गर्दी, बीपी, सगळं तयार होतं. तोंडातून निघालं, "भ्या वाटलं. डोळा गेला म्हणाल म्हणून."
अजून गेला नाही, त्या म्हणाल्या. पण पापणी थोडी शिवून डोळा झाकावा लागेल.
उद्या मी अजिबात ओरडणार नाही.

२१ जानेवारी
शिवली. ओरडलो नाही. नसरीन म्हणते, बाहेर बाकावर ऐकू आलं.

४ फेब्रुवारी
बारामतीला पुन्हा पिवळा थेंब, निळा उजेड. हिरवं कुठंच चमकलं नाही. साल धरली. डॉक्टरांना म्हणालो, मला खात्रीच होती.
नसरीननं हळूच आपला हात सोडवून घेतला. तपासणीभर मी तो धरून बसलो होतो. तिच्या मनगटावर माझ्या बोटांचे वळ उठलेत.