चौथीच्या वर्गात महाराजांची कवळी

आबा, मी सांगून टाकलं. महाराजांना कवळी होती आणि त्यांचं मटण पाट्यावर वाटून ताटात जायचं, हे मी काल इथे अमेरिकेत, श्रूजबरीच्या शाळेत, भर वर्गात सांगितलं. रागवा आता काय रागवायचं ते!

तुम्ही राजवाड्याचे खासगी कारभारी. तुमचे आजोबा तेच, वडील तेच. संस्थान गेलं तरी काम होतंच. कोठीच्या किल्ल्या तुमच्या कमरेला, पंगतीत कोण कुठे बसेल ते तुम्ही ठरवायचं, आणि महाराजांच्या ताटातलं सगळं आधी तुम्ही चाखायचं, विषबिष असलं तर. शिवाय वाड्यातलं अक्षर बाहेर काढायचं नाही. मी नऊ वर्षांची, मला काय कळतंय? कवळीचं एका मैत्रिणीला सांगितलं, ते गावभर झालं, आणि तुम्ही माझं दप्तर माळ्यावर टाकलंत. "कारभाऱ्याच्या पोरीला एवढं तोंड असून चालत नाही!" चौथीतच सुटली शाळा. जोडाक्षर आलं की मी अजून अडखळते, हे पत्रच बघा ना.

आता नात चौथीत आहे. तिच्या बाईंनी आजी-आजोबांना वर्गात बोलावलेलं. गाडीत मुलगा म्हणतो, "आई, प्लीज, दिवाळीचं सांग. कवळीचं सांगून माझ्या आजोबांची इज्जत काढू नकोस हं." मी म्हटलं, "तू समोर बघून ड्राइव्ह कर." बसायला ही एवढीशी खुर्ची, गुडघे हनुवटीला, हीटर इतका की शाल काढून ठेवली. पण आबा, वर्गात बसले होते मी! मी मराठीत सांगतेय, नात इंग्रजीत, पोरं खिदळतायत, आणि मागे मुलगा कपाळाला हात लावून उभा. मग एका मुलीने विचारलं, तुमच्या वडिलांना ते चाखताना भीती नाही वाटायची?

"छे! कारभारी ते," मी म्हटलं.

खोटं बोलले. रोज वाड्यावर निघताना तुम्ही मला उंबऱ्याशी हाक मारायचात. काम काहीच नसायचं. नुसतं बघायचात, मग चपला घालायचात. त्याचा अर्थ मला पोरंबाळं झाल्यावर लागला. तुम्ही आता आहात तिथे पोस्ट जात नाही, हे पत्र कुणाच्या हाती पडायचं नाही, म्हणून लिहिते. शाळा सोडवलीत त्याची माफी अजूनही मिळायची नाही. पण तुमचं ते बघणं तेवढं मी वर्गात सांगितलं नाही.