पौषात गाडी

चेन्नई, सोमवार, ५ जाने.

माउंट रोडचं शोरूम, परत. आज उंटावर बसलो. (उंट म्हणजे चारशे सीसीवाली मोटरसायकल. करडी, उंच, पुढचं चाक एकवीस इंची. नुसती बघून छाती भरते.) दोन्ही पाय अधांतरी. एका बाजूला झुकलो तर बोटं टेकतात, मग दुसरा पाय पार हवेत. सेल्समन म्हणे, "सार, जाड सोलचे बूट घ्या, सेट होतं." शेजारी बकरी उभी होती. दोनशे सीसी, हलकी, डांबरावर चालते, मातीतही चालते. बसलोसुद्धा नाही. कॉलेजात पहिल्या वर्षाची पोरं घेतात तसली.

शोरूम रिकामं. मार्गळी, इथला तमिळ महिना, चालू आहे. या महिन्यात इथे कुणी नवी गाडी घेत नाही, लग्नाचं बोलत नाही. पोंगलला पुढचा महिना, तै, लागला की दोन्ही सुरू.

आणि तेच तर. तै लागल्याबरोबर जानकीला बघायला येणार आहेत. त्यांच्यातलेच, तंजावरचे मराठी, मुलगा बंगळूरला. तिने तिच्या घराजवळ, तिरुवल्लिकेणीच्या कोपऱ्यावर कॉफी पिता पिता सांगितलं, जसं काही आज ऊन जास्त आहे. मी ओरडलो. सगळं दुकान वळून बघायला लागलं. "उगा रहा," म्हणाली. त्यांच्या जुन्या मराठीत गप्प बस. मग वडिलांवर आली: "अप्पांना मी काय सांगूं? कॉलेज अर्धं सोडलास. जिम सोडलास. तमिळ लिहायला बसला होतास, तेंही सोडलास. एक गोष्ट शेवटपर्यंत करून दाखव, मग मी घरीं तोंड उघडतें."

एक गोष्ट म्हणजे १७ ची राइड, पोंगलनंतरच्या काणुम पोंगलच्या सुट्टीची. तिच्या ऑफिसचा ग्रुप सिरुसेरीतून निघतो, थोडा रस्ता, मग तळ्याचा बांध, मग कच्च्या वाटेने टेकडी. स्वतःच्या गाडीवर यायचं, टेकडीपर्यंत पोचायचं. "माझ्या मागे बसून नाही." ती दोन वर्षं तिची जुनी बकरीच चालवते. मी आजवर फक्त दुकानाची स्कूटर.

बारा दिवस. उंटच घेणार.

बुध. ७

आबांना गाडीचं सांगितलं, बापाला सांगावंच लागतं. सोन्याची मूस भट्टीतून बाहेर काढताना त्यांच्याशी बोलायचं नसतं, गलाईवाल्याच्या, सोनं गाळणाऱ्याच्या, घरात शेंबडं पोरही हे जाणतं. तरी बोललो.

"कदी पायजे?"
"सतराच्या आत."
"पौष हाय. आवस हुईस्तोवर दारात नवं लोखंड न्हाई. माघ लागू दे, मग घोडा घे न्हाईतर हत्ती घे."

म्हटलं, इथे तै लागला की सगळं चालतं. सोनं ओतून झाल्यावर मान वर केली. "आपन मद्रासी कदी झालो रं? खानापूरचं हाय आपन." उभी हयात जॉर्ज टाउनात काढली, हमालांना शिव्या तमिळमध्ये देतात, पण पौष खानापूरचा! स्टूल लाथाडून निघालो. जिन्यातून ऐकू आलं, "कालेज सोडताना म्हूर्त बघितला हुता का?"

जेवलो नाही.

शनि. १०

सिरुसेरी. कंपन्यांच्या मागे मोकळे प्लॉट आहेत, तिथे शनिवारी सकाळी जानकी आणि कार्तिक सराव करतात. कार्तिक तिच्या टीममधला. सहा फूट. त्याच्याकडे उंट आहे, हे मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं?

मला वाटलं चालवायला देतील. जानकीने उंट हळूच मातीत आडवा केला. "उचल."
"हे काय?"
"वाटेवर गाडी पडणारच. पाडतां येतें तीच उचलतां आली पाहिजे. मग पुढचं."

उचलली गेली नाही. गुडघ्यापर्यंत आणली, परत आडवी. कार्तिक पुढे आला, "ब्रो, पाठ लावून, पाठ..." मी म्हटलं हात लावशील तर बघ. तो मागे सरला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मग तिची बकरी. एका झटक्यात उभी. बसलो तर दोन्ही टाचा जवळजवळ टेकल्या. पेगवर, पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहून पहिल्या गिअरमध्ये प्लॉटला फेरी. गुडघ्यांनी टाकी धरायची, नजर लांब, चाकाकडे बघायचं नाही. चाकाकडे बघितलं की चाक तिथेच जातं. हे मात्र खरं आहे.

येताना तोंड फिरवून बसलो. "तुला अस्कं एकदम पाहिजे," म्हणाली. अस्कं म्हणजे सगळं. हो, पाहिजे.

रवि. ११

दिवसभर व्हिडिओ. उंटाचे चांगले, बकरीचे वाईट, असेच शोधून शोधून बघत होतो. संध्याकाळी बंद केलं.

बकरी. लिहून टाकतो म्हणजे फिरणार नाही. तारांची चाकं, इंजिनखाली पत्रा, मागचा एबीएस बंद करता येतो, पडली तर उचलेन. हायवेवर ट्रक मागे टाकायला दम लागेल, लागू दे. आबांना विचारणार नाही.

कार्तिकचं नाव तिच्या फोनवर सारखं चमकतं. "ग्रुपचे मेसेज आहेत," म्हणते. बरं.

मंगळ. १३

सगळा घोळ.

बकरी बुक करायला गेलो तर शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. बुकिंगच्या पावतीची पूजा करायला नारळ, झेंडू, लिंबं घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं. सेल्समन म्हणाला, "सार, सगळ्यांनी मार्गळीतच बुक करून ठेवलं, तै लागला की घेऊन जाणार. मार्गळीत घ्यायची नसते, बुक करायची असते!" मला हे कोण सांगणार होतं? मी रिकामं शोरूम बघून समजलो गाड्याच गाड्या आहेत. आठवडाभर येऊन उंटावर बसत राहिलो आणि इकडे लोक आत जाऊन नाव लिहून जात होते. पांढरी एक शिल्लक आहे, नोंदणी होऊन रविवारी मिळेल. रविवार म्हणजे १८. राइड १७ ला.

त्याच्या टेबलावर हात आपटला. पेन उडालं, एका बाईंच्या ताटातलं कुंकू सांडलं. बाई वाकून कुंकू गोळा करायला लागल्या. माफी मागायला पाहिजे होती, नाही मागितली. पांढरी बुक केली आणि निघालो.

जानकीला कळवलं. उत्तर: "सेरि." एवढंच. या 'बरं'चा अर्थ काय काढायचा?

गुरु. १५, पोंगल

गल्लीत भांडी उतू जातायत, लोक ओरडतायत पोंगलो पोंगल. आमच्याकडे तिळगूळ. आबांनी शोरूमचा मेसेज वाचला, फोन भट्टीपाशी राहिला होता माझा.

"आयतवारी? आवस हाय आयतवारी!"
"त्यांच्यात अमावास्या चांगली असते."
"त्यांच्यात ऱ्हायला जा मग."

तिळगूळ हातात तसाच. दोघांपैकी कुणीच गोड बोललं नाही.

आणि बघायला येणारेसुद्धा रविवारीच. तै अमावास्या, चांगला दिवस. चार वाजता. जानकीनेच कळवलं.

शनि. १७

हात दुखतोय, तरी लिहितो.

मरीनाकडे अख्खं शहर लोटलेलं, रस्ते बंद, चालत जाऊन बस पकडली. सिरुसेरीला सगळे हेल्मेट घालून तयार. मी एकटा पायी. कार्तिकने किल्ली पुढे केली. "ब्रो, माझी घे. मी कुणाच्या तरी मागे बसतो." जानकी मान हलवून नाही म्हणत होती. ती नाही म्हणाली म्हणूनच घेतली.

रस्त्यावर काय चालतो उंट! वाटलं, उगाच घाबरलो. बांधावर आलो. एका बाजूला तळं काठोकाठ, वाटेवर वाळलेला चिखल, चाकोऱ्या. आणि मध्ये बैल. शिंगं कालच्या माट्टु पोंगलला, इथल्या पोळ्याला, रंगवलेली, निळी-पिवळी, हटायला तयार नाही. थांबलो. पाय खाली टाकला. खाली जमीन नव्हती.

तळ्याच्या बाजूला आडवा. क्लचचं लिव्हर मोडलं, मी काटेरी झुडपात. बैल तिथेच. कार्तिक धावत आला, आधी मला उठवलं, मग गाडी. "लिव्हर मिळतं, ब्रो. विडू, जाऊ दे." मला त्याला मारावंसं वाटलं, चांगला वागतो म्हणून. हेल्मेट काढून आल्या वाटेने परत चालायला लागलो.

जानकी मागून आली. चालत्या माणसाच्या वेगाने, पेगवर उभी, पाय न टेकता.
"कुठे?"
"घरी."
"हेंही सोडलास?"

मी थांबलो. ती उतरली, गाडी माझ्याकडे झुकवली आणि टेकडीकडे चालायला लागली. मागे वळून न बघता. भर उन्हात.

गेलो. पहिल्या गिअरमध्ये. चाकोरीत पडलो, उचलली. खडीवर पडलो, उचलली. सगळ्यांच्या शेवटी पोचलो, चालत आलेली जानकीसुद्धा माझ्या आधी वर. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, त्यांचं खाणं चालू होतं. तिने लिंबूभात दिला.

"उद्या चारला येतायत."
"मग?"
"मग काय. तूं सांग."

सांगायचं ते सांगितलं नाही. तोंडातून आलं, "तुझ्या गाडीवर आलो, माझ्या नाही. मोजायचं की नाही, तू ठरव." बोलल्यावर कळलं, किती तुसडं. ती डबा झाकत राहिली.

रवि. १८

सकाळी शोरूमचा फोन. "अमावास्या, सार, चांगला दिवस. गाडी तयार. गर्दी आहे, तीनला या, नाहीतर पुढच्याला देऊ." पांढरी. शेवटची.

साडेबाराला जानकीचा मेसेज. "चारला ते येतात. तूं तीनला ये. अप्पांना सांगितलंय, एक जण येतो आहे, आधी त्याच्याशी बोला. नाव सांगितलं नाही. ओरडायचं नाही."

तीन. तीनच.

गाडी जाऊ दे. लिहिलं आणि बघितलं, हात थांबला नाही.

इस्त्रीचा एकच शर्ट निघाला. खरचटलं आहे ते बाहीखाली झाकतं. आबा दारात.
"गाडी आनाय चाललास?"
"नाही. तिरुवल्लिकेणीला. एकीच्या वडिलांना भेटायला."

आबांनी दाराची चौकट धरली. नंतर:
"आवसंला? पोरगी मागाय?"
"हो."
"तुझं काय सांगनार त्यास्नी? काय करतो म्हनशील?"
"भट्टीवर असतो म्हणेन. आणि काल टेकडी चढलो."

त्यांना टेकडीचं काही माहीत नाही. विचारलंही नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, कस लावताना दागिन्याकडे बघतात तसं.

"बापाबिगर जातोस व्हय तसल्या कामाला?"

हा टोमणा की दुसरं काही, कळलं नाही. वळले आणि मोरीत गेले. दोन वाजून गेलेत. इथून बस धरायची, मरीनाच्या बाजूने, आज गर्दी कमी असेल. शोरूमचा फोन वाजतोय, उचलत नाही. आतून पाण्याचा आवाज येतोय. दुपारी आबा कधी अंघोळ करत नाहीत. नुसते हातपाय धुतायत, का माझ्याबरोबर यायला तयार होतायत...

दहा मिनिटं थांबतो. त्याच्यापुढे नाही.