नजर खाली, सुई वर

४ मार्च
डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा निकाल: मला चाळिशी लागली. वय एकोणपन्नास. लागायचीच होती तर नऊ वर्षांपूर्वी लागली असती. खरा दोष दुकानातल्या ट्यूबलाइटचा. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं.

मालक महिनाअखेर कात्री खाली ठेवणार. कटिंगचं टेबल मला, नाहीतर काजं-बटणं करणाऱ्या ताईंना. बत्तीस वर्षं त्या टेबलाकडे बघत शिवतोय. ते मला हवंच आहे. अशा वेळी नाकावर चष्मा दिसला की संपलं.

६ मार्च
तोडगा सापडला. बायफोकल कॉन्टॅक्ट लेन्स. वरच्या भागातून लांबचं, खालच्या भागातून जवळचं. खालची कड जड, म्हणून लेन्स डोळ्यात गरगरत नाही. नजर खाली केली की वाचता येतं. सवयीला दोन आठवडे, काहींना होतच नाही. हातभर अंतरावरच्या वस्तूंबद्दलही बाई काहीतरी बजावत होत्या. घाईत होतो.

७ मार्च, सकाळी ७.४०
उजवी बसली. डावी बेसिनमध्ये.

८.२५
डावी बसली. उजवी कुठे आहे?

१० मार्च
लेन्स झकास. फक्त सुई ओवता येत नाही. आम्ही शिंपी सुई उजेडाकडे वर धरतो. वर बघितलं की लांबचा भाग मध्ये येतो. नेढं गायब, समोरच्या बेकरीची पाटी लख्ख. संकल्प: उद्यापासून सुई पोटाशी धरायची.

११ मार्च
तीनदा टोचली. हात आपोआप वर जातो. चूक हाताची आहे, डोळ्यांची नाही, हे नोंदवून ठेवतो.

१७ मार्च
मालकांनी हेडमास्तरांचा कोट माझ्यावर सोपवला. मापापासून शेवटच्या टाक्यापर्यंत. हीच परीक्षा, सगळ्यांना कळलं.

छातीभोवती टेप लावली. मान वर केली, धुकं. मान खाली केली, धुकं. ताई वही उघडून उभ्या. मालकांनी आकडा विचारला. अडतीस, असं ठणकावून सांगितलं. इतक्या वर्षांनी टेप बघतो कोण?

२६ मार्च
ट्रायल. कोट उत्तम. हेडमास्तर नऊ दिवसांत सुटलेत. त्यांनी खडू धरल्यासारखा हात वर केला आणि पाठीची शिवण टरकन गेली. मालकांनी पुन्हा माप घेतलं. बेचाळीस. माणसाने खाण्यावर ताबा ठेवावा.

३१ मार्च
टेबल ताईंना.

मालकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले की डोळे सगळ्यांचेच जातात, त्याला चष्मा मिळतो. पण न दिसलेला आकडा छातीठोक सांगणाऱ्याच्या हाती कापड देता येत नाही. मी, बरोबर आहे, म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो.

दुपारभर डोळ्यांतून पाणी येत होतं. ताईंनी विचारलं, तेव्हा सांगितलं, नवीन लेन्स आहेत, सवय होतेय.

लेन्स आज घातल्याच नव्हत्या.