पुस्तकातली रांग आणि टँकरची रांग

बेंबळी, ता. उस्मानाबाद
४ मे १९८६

ती. व्यंकटदादांस,
धाकट्या मथुरेचा सविनय जयभीम.

तब्येत कशी आहे? खोकला गेला का? वहिनींनी अडुळशाचा काढा दिला असेल आणि तुम्ही तो खिडकीतनं ओतला असेल, म्हणून मुद्दाम विचारते. वहिनींनाही माझा जयभीम सांगा. इकडं आम्ही सगळे खुशाल. खुशाल म्हणजे काय, तर पाऊस दगा देऊन गेला, आड तळाला गेला, आणि दूध सोसायटीत हल्ली दुधापेक्षा दूधवालेच जास्त जमतात. आमचे हे तिथं सेक्रेटरी, त्यामुळं दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेतात आणि संध्याकाळी घरी येऊन आमचं ऐकून घेतात. (तुमच्या पावण्यांना बोलायची वेळ कधी येते, हे मला लग्न झाल्यापासून पाहायचं आहे.) पण जेवायला मिळतंय, दुखणंखुपणं नाही, म्हणून खुशाल असंच लिहिते.

तुम्ही धाडलेलं गाईड पोचलं. तुमच्या सोलापूरच्या लॉ कॉलेजात यंदा जागा थोड्या आणि अर्ज भाराभर आले, म्हणून परीक्षा घेणार आहेत, हे तुम्ही कळवल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही. दादा, मला वकील व्हायचंच आहे, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. बी. ए. झाले तेव्हापासून तेच डोक्यात आहे. पुस्तक चांगलं आहे, फक्त शेवटची उत्तरांची पानं कुणीतरी फाडून नेली आहेत. (म्हणजे ते तुम्ही जुन्या बाजारातनं उचललंत. असू द्या, वहिनींना सांगत नाही.) त्यामुळं इथं प्रश्न आहेत आणि उत्तरं गावानं द्यायची, असा माझा अभ्यास चालला आहे. भाकरी थापताना इंग्रजी शब्द पाठ करते, सारवताना देशांच्या राजधान्या. परवा ह्यांनी जेवताना मीठ मागितलं तर माझ्या तोंडून कैरो आलं. ह्यांनी आपलं उठून मीठ घेतलं.

आता खरी अडचण सांगते. परीक्षेला यायचं तर सासूबाईंची परवानगी पाहिजे, आणि त्या नुसतं ‘बघू’ म्हणतात. तुम्ही आमच्या केशरबाईंना लग्नातच पाहिलंय, तेव्हा त्या पाहुण्यांसमोर गोड बोलत होत्या. त्यांचं ‘बघू’ म्हणजे बघायचं नाही, असं समजायचं. त्यांचंही खोटं नाही म्हणा. टँकर आला की एकीनं रांग धरायची आणि एकीनं भरलेलं घरी न्यायचं, दोघींशिवाय जमतच नाही. त्यात कुणीतरी त्यांना सांगितलं की, परीक्षा एका दिवसाची असली तरी शिक्षण तीन वर्षांचं आहे. झालं! तेव्हापासून मी गाईड उघडलं की त्यांचे गुडघे दुखायला लागतात.

टँकरची रांग कशी असते हे तुम्हा नळवाल्यांना ठाऊक नसणार, म्हणून सांगते. टँकर कधी येईल ह्याचा नेम नाही. तेव्हा उजाडताच जी ती आपली घागर नेऊन वेशीजवळच्या लिंबाखाली रांगेत ठेवते आणि कामाला जाते. घागर उभी म्हणजे बाई उभी. कुणाची घागर कुणी हलवायची नाही, हा आमच्या इथला कायदा आहे, आणि तो मोडायची भल्याभल्यांची छाती होत नाही. टँकर आल्यापासून एक मात्र बरं झालं. आडावर आपल्या बायकांची बाजू वेगळी होती. टँकरच्या नळीला बाजू नाही. वस्तीची घागर आणि गावातली घागर एकाच रांगेत उभ्या राहतात. सुरुवातीला काहीजणींनी नाकं मुरडली, पण तहान लागल्यावर किती दिवस नाक मुरडणार? म्हणून आता त्या रांगेचा आम्हाला भारी अभिमान. माझी घागर म्हणजे तीच, आईनं लग्नात दिलेली, माझं नाव कोरलेली पितळी. मांडवात तुम्ही ती आपटून पोचा पाडला होता, तो अजून तसाच आहे. सासूबाई रोज म्हणतात की ह्या घागरीत तांब्याभर पाणी कमी मावतं, तुझ्या माहेरचं सगळं असंच.

तर गेल्या आठवड्यात टँकरला उशीर झाला. सगळ्याजणी लिंबाखाली सावलीला बसलेल्या. मी गाईड घेऊन बसले आणि नेमकं त्यात रांगेचंच गणित निघालं. अ, ब, क, ड आणि इ अशा पाच व्यक्ती रांगेत उभ्या आहेत. अ सर्वांत पुढे आहे. क ही ब च्या लगेच मागे आहे. ड च्या मागे कोणी नाही. इ ही अ आणि ब यांच्या मधे आहे. तर मधोमध कोण? मला काही ते सुटेना, म्हणून मोठ्यानं वाचलं. तिथंच चुकलं माझं. आमच्या बायकांना राजधान्या विचारल्या तर त्या जांभया देतात, पण रांगेचा विषय निघाला आणि सगळ्या सावरून बसल्या. पहिलीच हरकत हरणाबाईंनी घेतली. (हरणाबाई म्हणजे पलीकडच्या धनगरवाड्यातल्या. शेळ्या हाकून हाकून आवाज असा झालाय की कानात सांगितलेलं शिवारात ऐकू जातं.) त्यांचं म्हणणं, ही इ कोण? अ आणि ब च्या मधे तिला कुणी घुसू दिलं? ब काय झोपली होती? दुसरीनं विचारलं, ड लेकुरवाळी असेल तर तिला शेवटी ठेवणं माणुसकीला धरून आहे का? तिसरी म्हणाली, आधी पाणी कुठलं ते सांग, खारं असलं तर मी ह्या रांगेत उभीच राहणार नाही. मी कपाळाला हात लावला आणि सांगितलं की अहो, ह्यात पाणी नाही. पाणी नसताना पाच बाया रांगेत उभ्या कशाला राहतील, हे कोडं पुस्तकातल्यापेक्षा अवघड निघालं.

शेवटी ठरलं की उभं राहूनच बघायचं. आता इथं मी हुशारी करायला गेले. सासूबाई सकाळपासून रुसल्या होत्या, म्हटलं थोडा मस्का लावावा, म्हणून त्यांना मानानं अ केलं आणि सगळ्यांच्या पुढं उभं केलं. हरणाबाईंना केलं ड. तिघींना मधे घातलं आणि क्षणात उत्तर डोळ्यांसमोर! मधोमध ब. मी तर टाळीच वाजवली. आणि तेवढ्यात धूळ उडवत टँकर आला.

टँकरवाला चन्नबसप्पा अक्कलकोटाकडचा, घाईचा माणूस. त्यानं समोर रांगेत उभ्या बाया बघितल्या आणि नळी सरळ पहिलीच्या पुढं केली. पहिली कोण, तर आमच्या सासूबाई. त्यांची घागर त्या दिवशी पार शेपटाला होती, कारण सकाळी त्या माझ्यावर रुसून उशिरा निघाल्या होत्या. पण त्यांनी काय करावं? तरातरा मागं गेल्या, आपली घागर उचलली आणि आणून नळीखाली लावली. आणि हरणाबाईंची घागर पहिली, उजाडायच्या आत येऊन ठेवलेली. त्या बिचाऱ्या ड होऊन सगळ्यांच्या मागं! त्यांनी जो आवाज काढला, तो बहुतेक तुम्हालाही तिकडं ऐकू आला असेल. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. एकच बोलल्या, ‘म्या अ हाय. सगळ्यात फुडं अ हाय. छापील पुस्तकात हाय, माज्या घरचं न्हाय!’

हरणाबाई म्हणाल्या, पुस्तक आणणारी तुमची सून, अ करणारी तुमची सून, हा सगळा घरचाच डाव आहे. अर्ध्या बाया इकडं, अर्ध्या तिकडं. चन्नबसप्पानं नळी दाबून धरली आणि मला म्हणाला, ‘अक्का, तुमी वकील व्हनार म्हनं. लौकर फैसला करा, मला फुडं दुसरं गाव हाय.’ आणि सगळी रांग माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

दादा, खरं सांगते, मोह झाला. सासूबाईंच्या बाजूनं बोलले तर परवानगी पदरात पडत होती. एक घागर पाण्याचा तर प्रश्न! हरणाबाईंना मागनं समजावता आलं असतं. पण मला एकदम वाटलं, ही रांग आपल्याला केवढ्या मुश्किलीनं मिळालीय. उद्या हिच्यात वशिला शिरला तर सगळ्यात आधी मागं कुणाची घागर जाईल, हे काय मला कळत नाही? मग मी डोळे मिटले आणि बोलून टाकलं की पुस्तकातल्या रांगेत माणसं होती, घागरी नव्हत्या. आपल्या रांगेत जागा घागरीची असते, माणसाची नाही. तेव्हा हरणाबाईंची घागर पहिली. आणि आत्याबाई, तुमची होती तिथं.

सासूबाईंनी घागर उचलली. माझ्याकडं बघितलं सुद्धा नाही. जाऊन पार शेवटी उभ्या राहिल्या आणि आपली पाळी आल्यावरच पाणी घेतलं. घरी आल्यावर अबोला. माझं ताट मात्र वाढून झाकून ठेवलं. हे सोसायटीतनं आले, त्यांनी आधी आईचं ऐकलं, मग माझं ऐकलं, दोघींचंही बरोबर आहे म्हणाले आणि दुधाचे कॅन धुतलेत का ते बघायला परत गेले. मी गाईड फडक्यात बांधून उतरंडीमागं ठेवून दिलं. संपलं, म्हटलं. खूप रडले दादा. तुम्हाला उगाच कशाला लपवू?

दुसऱ्या दिवशी लिंबाखाली सगळ्या जमल्यावर सासूबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं आता चारचौघीत माझा उद्धार होणार. झालाही. त्यांचं बोलणं होतं तसंच लिहिते. ‘ऐका गं बायांनो. ही माजी सून घरात ठिवायच्या लायकीची न्हाय. सासूच्या तोंडावर सासूच्या इरुद्ध फैसला देती. हितं ठिवली तर माजी घागर जन्मात पैली भरायची न्हाय. तवा म्या हिला सोलापूरला धाडनार. अदालतीत जाऊ दे, दुसऱ्यांच्या सासवांस्नी कळू दे जरा!’ आणि हे सांगताना त्यांची मान अशी ताठ की बस्स. हरणाबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, ‘व्हय, माज्यावानी गरिबाला तिथं कोन हाय? धाडा तिला.’

तेव्हापासून अभ्यास जोरात आहे. रोज लिंबाखाली मला प्रश्न विचारतात आणि उत्तरावर मतं घेतात. ज्या उत्तराला जास्त हात वर होतात ते बरोबर. (तुम्हाला जमलं तर ती फाटलेली पानं कुठनं मिळतात का बघा, कारण काल बहुमतानं ऑस्ट्रेलियाची राजधानी लातूर ठरली.)

परीक्षा रविवारी आहे, मी शनिवारच्या एस.टी.नं येते. चुकलंमाकलं माफ करावं. वडीलधाऱ्यांना जयभीम, लेकरांना मुके.

तुमची बहीण,
मथुरा

ता. क. : सासूबाईही बरोबर येत आहेत. परीक्षेच्या ठिकाणी गर्दी असणार म्हणून कॉलेजच्या फाटकाशी पहाटेच माझ्या नावानं एक कळशी ठेवायची, असा त्यांचा बेत आहे. तिथं तसं चालत नाही हे मी सांगून पाहिलं. तुम्ही सांगून बघा. आणि तुमच्या नळाला रोज पाणी येतं हे त्यांना आल्या आल्या सांगू नका, जरा बसू द्या.

ता. क. दुसरा : हे पत्र तुमच्या नावानं असलं तरी वहिनींसाठी आहे. त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. (जुन्या बाजाराचा कंस गाळा.) नंबर लागला तर तीन वर्षं मला तुमच्याकडं राहावं लागेल. दोन खोल्यांत तुम्ही कसे राहता, मला माहीत आहे. तुमच्या घरात अ वहिनी. मी ड होऊन, सगळ्यांच्या मागं राहीन, पण त्यांनी मनापासून हो म्हटलं तरच. एवढं विचारायला एवढी पानं लिहिली. तोंडानं विचारायचा धीर झाला नसता.

ता. क. तिसरा : सासूबाई शेजारी बसल्या आहेत आणि सांगतील ते लिहायचंच असा हुकूम आहे. ‘पावनं, जयभीम. पान्याचं म्या बघते, हरनाबाई हाय संगं. मथुरेची घागर म्या रोज रांगेत ठिवनार. ती वकील हून येस्तवर तिची जागा कुनी हलवायची न्हाय, समद्यांस्नी सांगून ठिवलंय. रडू नगं गं, अक्षर फुटतंय. आन् पावनं, त्या घागरीला पोचा तुमी पाडलाय, तवा पोरीला जागाबी तुमीच द्या.’