लॉजमागचा धूर

भूम, २६ नोव्हेंबर २०२५

चि. रणधीर,

शनिवार, २२ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. ही वेळ आधी लिहून ठेव, आशीर्वाद त्यानंतर घे.

त्या वेळी आमच्या शाळेची सहल तुळजापुरात होती. मुलांना मी मोठ्या कौतुकानं माझ्या भावाचं लॉज दाखवायला आणलं, तर मागच्या बाजूला तुझा माणूस पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या आणि नारळाच्या शेंड्या एकाच ढिगात पेटवत होता. वर म्हणतो कसा, "मालकच म्हणले, पेटवून मोकळं व्हा."

निवृत्त झाल्यापासून मी हौसेनं शाळेत जाऊन या मुलांना ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायला शिकवते आहे. अडतीसपैकी एकतीस घरांत दोन बादल्या झाल्या होत्या. सोमवारी विचारलं, तर नऊच घरं उरली. चौथीतली आरजू उभी राहून म्हणाली, "बाई, तुमचे भाऊच ऐकत न्हाईत, मग आमचे अब्बा कशाला ऐकतील?" लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी माझ्याकडून पुष्कळ उत्तरं पाठ करून घेतली, याचं मात्र नाही.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला कसा आहे? तिची खिडकी त्याच ढिगाकडं उघडते, हे तुला ठाऊक आहे ना?

पेटवणं बंद केलंस आणि कचरा वेगळा करायला लावलास, हे सहीनिशी लिहून पाठव. फोनवर गोड बोलू नकोस. शुक्रवार, ५ डिसेंबरला दुपारी बाराच्या आत पत्र माझ्या हातात हवं. ते मी वर्गात वाचणार आहे. नाही आलं, तर तेही मुलांना सांगेन.

तुझी,
अक्का